आप्पा नाटक करत नाहीत

पार्किन्सन्सचा पेशंट ज्या घरात असतो, त्या घरात एक शब्द कधी ना कधी उच्चारला जातोच. आधी स्वयंपाकघरात, हळू आवाजात. मग फोनवर, दुसऱ्या गावच्या नातेवाइकांशी बोलताना. आणि एखाद्या दिवशी, सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला आलेला असताना, सरळ त्या माणसाच्या तोंडावर. तो शब्द म्हणजे ‘नाटक’.

जिना चढता येतो, मग हॉल ओलांडता येत नाही? डॉक्टरांसमोर तुरुतुरु चालले, आणि घरी आल्यावर बाथरूमच्या दारात दहा मिनिटं उभे? दिवसा ठीक असतात, रात्रीच बरं पाय गळतात? प्रश्न वरवर पाहता बिनतोड आहेत. पाय कामातून गेले असतील तर ते सगळीकडेच गेलेले असायला हवेत. निम्मा दिवस चालणारा आणि निम्मा दिवस न चालणारा माणूस आपल्या हिशेबात एकतर आळशी असतो नाहीतर लबाड.

हा हिशेब चुकीचा आहे. ज्याला आपण नाटक म्हणतो, ते या आजाराचं एक नेमकं, मोजलेलं, छापून आलेलं लक्षण आहे. ते समजून घ्यायला मेंदूतज्ज्ञ व्हावं लागत नाही, पायाखालच्या फरशीकडे बघावं लागतं. आणि ते आपण बघत नाही. घरचे बघत नाहीत, डॉक्टर बघत नाहीत, घरं बांधणारे बघत नाहीत, आणि आरोग्यावर अ‍ॅप काढणारे माझे व्यवसायबंधू तर अजिबातच बघत नाहीत.

(सांगलीत हा आरोप जरा जास्त सराईतपणे केला जातो, असं माझं निरीक्षण आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे ‘सीता स्वयंवर’ केलं, त्या गावाला नाटक ओळखता येतं असा एक आत्मविश्वास असावा.)

आमच्या आप्पांचं, म्हणजे आजोबांचं, गेली काही वर्षं पाळीनं चालतं. सहा महिने साताऱ्यात आमच्याकडे, सहा महिने सांगलीत काकांकडे. माणूस तोच, गोळ्या त्याच, गोळ्यांच्या वेळाही त्याच, कारण दोन्हीकडे मोबाइलवर गजर मीच लावून दिलेत. साताऱ्याचं घर पेठेतलं, जुनं. खाली शहाबादी फरशी, सांध्यांत सिमेंट भरलेलं, आणि इतक्या वर्षांत ते सांधे काळेकुट्ट झालेले. दारांना लाकडी उंबरठे. सांगलीचं घर २०१९च्या ऑगस्टात महापुराच्या पाण्यात होतं. पाणी ओसरल्यावर काकांनी कर्ज काढून तळमजला नवा केला: पांढऱ्या, चकचकीत, मोठमोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स. सांधा दिसू नये म्हणून भरलेलं ग्राउटसुद्धा पांढरंच. फरशीत ट्यूबलाइट दिसते. पुराचा चिखल ज्यांनी घरातून फावड्यानं काढलाय, त्यांना असं पांढरंशुभ्र घर का हवंसं वाटतं, हे समजायला अवघड नाही.

साताऱ्यात आप्पा चालतात. वाकून, हळू, पण चालतात. सांगलीत हॉलच्या मधोमध त्यांचे पाय फरशीला डकवल्यासारखे होतात. टाचा उचलल्या जातात, गुडघे थरथरतात, वरचं अंग पुढे जाऊ बघतं आणि पावलं तिथेच. त्याच घरात गच्चीकडे जाणारा जिना आहे. त्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला काळी ग्रॅनाइटची पट्टी आहे. तो जिना आप्पा कठड्याला धरून एका दमात चढतात. काकू म्हणायची, “आप्पा, जिना चढताय की, मग हॉलमध्येच काय होतं तुम्हाला?” आप्पांकडे उत्तर नव्हतं. साताऱ्यात आमच्याकडे म्हणायचे, तिकडे त्यांना कुणी नीट बघत नाही. सांगलीत म्हणायचे, तिकडे लाडावून ठेवलंय, मग इकडे आले की असं करतात. एका दिवाळीला दोन सख्खे भाऊ एकमेकांशी जेमतेम बोलले. भांडण टाइल्सवरून आहे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आता आजाराचं यंत्र बघू.

निरोगी माणूस चालताना चालण्याचा विचार करत नाही. पाऊल केवढं टाकायचं, वजन कुठल्या पायावर न्यायचं, वळताना कमरेपासून कसं फिरायचं, हे सगळं मेंदूच्या तळाशी असलेल्या काही गाठी, बेसल गँग्लिया, परस्पर सांभाळतात. त्यांना डोपामिन लागतं. पार्किन्सन्समध्ये डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. हात थरथरतो तो सगळ्यांना दिसतो, म्हणून आपण याला कंपवात म्हणतो. पण माणसाला जमिनीवर पाडतं ते कंपापेक्षा दुसरंच काही असतं. हालचालीचा आपोआपपणा जातो, आणि स्वतःची हालचाल आतून जाणवण्याची शक्ती भोथट होते. तोल सांभाळायला शरीर तीन खबरींवर विसंबतं: डोळे, कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय, आणि स्नायू-सांध्यांतून येणारी ‘माझा पाय आत्ता कुठे आहे’ ही जाणीव. यातली तिसरी खबर पार्किन्सन्समध्ये नीट वाचली जात नाही. पेशंटला वाटतं आपण हातभर पाऊल टाकलं, प्रत्यक्षात टाकलेलं असतं वीतभर. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या आतल्या मोजपट्टीचे आकडेच आक्रसलेले असतात.

मग मेंदू काय करतो? जी खबर अजून बरी आहे तिच्यावर सगळा भार टाकतो. डोळ्यांवर. समोर आडवी रेघ असेल तर ‘ही रेघ ओलांड’ असं जाणीवपूर्वक काम तयार होतं. हे काम करायचा मेंदूतला रस्ता वेगळा आहे, बेसल गँग्लियाच्या बिघडलेल्या चौकाला बऱ्यापैकी वळसा घालून जाणारा. जिना म्हणजे अशा आडव्या रेघांची रांगच. म्हणून जिना चढता येतो. आणि सपाट, पांढरी, बिनसांध्याची फरशी म्हणजे डोळ्यांना पकडायला काहीही नसलेली जागा.

सॉफ्टवेअरवाल्यांसाठी उपमा सोपी आहे. ऑप्टिकल माउस काचेच्या टेबलावर चालत नाही. त्याच्या पोटाखालचा कॅमेरा टेबलावरचे बारीक खडबडीत तपशील बघून ‘मी किती सरकलो’ हे ठरवत असतो. गुळगुळीत काचेवर त्याला तपशीलच मिळत नाहीत. माउस बिघडलाय असं कुणी म्हणत नाही. खाली एक कागद सरकवतात.

यातलं काहीही नवीन नाही, आणि मला चीड येते ती इथे. जेम्स पार्किन्सननं या आजारावरचा निबंध १८१७ साली लिहिला. चालणं आणि नजर यांचा संबंध त्यानंतर बऱ्याच उशिरा नीट तपासला गेला, पण म्हणून तो काही कालपरवाचा नाही. पहिल्या महायुद्धाच्या आसपास युरोपात मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली होती. तिच्यातून वाचलेल्या अनेकांना पुढे पार्किन्सन्ससारखी लक्षणं जडली. लंडनमध्ये जे. पर्डन मार्टिन या डॉक्टरनं अशा पेशंटांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९६७ साली पुस्तक लिहिलं. जमिनीवर आडव्या रेघा मारल्या की जागच्या जागी अडकलेला माणूस चालू लागतो, हे त्यात आहे. रेघा चालण्याच्या दिशेला आडव्याच हव्यात, उभ्या रेघांचा उपयोग होत नाही, हेही आहे. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियात मेग मॉरिस आणि सहकाऱ्यांनी मोजमाप करून दाखवलं की जमिनीवर पट्ट्या असल्या की पेशंटच्या पावलाची लांबी निरोगी माणसाच्या जवळ येते. म्हणजे पायांत ताकद होती, यंत्रणा शाबूत होती, तिला आकडा मिळत नव्हता. त्याच कामात एक दुसरं निरीक्षण आहे. पेशंटनं ‘मोठं पाऊल, मोठं पाऊल’ असं मनाशी धरलं तरी पाऊल सुधारतं, पण चालताना त्याला दुसरं काही करायला लावलं की ते पुन्हा आखडतं. डॉक्टरांसमोर तुरुतुरु चालण्याचं कोडं इथे सुटतं. तिथे उजेड असतो, सरळ मोकळी वाट असते, डॉक्टर समोर असतात आणि सगळं लक्ष पावलांवर असतं. घरी हातात चहाचा कप असतो, टीव्ही चालू असतो, आणि तेवढ्यात कुणीतरी विचारतं, “आप्पा, गोळी घेतली का?”

१९९९ साली फ्रान्समधल्या अझुले आणि मंडळींनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. जमिनीवर पट्ट्या ठेवल्या, पण उजेड मात्र फ्लॅशसारखा उघडझाप करणारा ठेवला. अशा उजेडात पट्ट्या दिसतात, पण आपण चालताना त्या मागे सरकताना दिसत नाहीत. पट्ट्यांचा फायदा नाहीसा झाला. रेघ ‘असणं’ पुरेसं नव्हतं, रेघ ‘सरकताना दिसणं’ हे औषध होतं.

आणि हे सगळं लंडन-मेलबर्नच्या प्रयोगशाळांतलं म्हणून सोडून द्यायचं असेल, तर पुण्यात या. मिलेहा सोनेजी ही डिझायनर. तिच्या पुण्यातल्या काकांना पार्किन्सन्स. सपाट जमिनीवर वॉकर घेऊन अडखळणारे काका जिना मात्र सहज उतरतात, हे तिनं पाहिलं. नाटक करतायत असा निष्कर्ष न काढता तिनं जमिनीवर जिन्याचं चित्र चिकटवलं. सपाट कागद, त्यावर पायऱ्यांचा आभास. काका त्यावरून चालले. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या टेडएक्समध्ये २०१५ साली तिनं हे सांगितलं आणि लाखो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. तो आमच्या फॅमिली ग्रुपवरही दोनदा फॉरवर्ड झाला, ‘किती गोड’ अशा शेऱ्यासह. फरशीकडे मात्र कुणी पाहिलं नाही. उपाय गोड वाटला की तो करायची गरज वाटेनाशी होत असावी.

मी सांगलीच्या हॉलमध्ये इलेक्ट्रिशियन वापरतात ती काळी इन्सुलेशन टेप लावली. आप्पांच्या साताऱ्यातल्या पावलाचं अंतर मोजून, तेवढ्या अंतरावर, त्यांच्या खुर्चीपासून बाथरूमपर्यंत. ते चालले. दुपारी काढली, तर संध्याकाळी अडकले. दुसऱ्या दिवशी परत लावली, परत चालले. एका माणसावरचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, हे मला सांगायला नको, रोज ए-बी टेस्टिंग करूनच पोट भरतो. पण पुरावा आधीच होता, पन्नास वर्षांपासून. आमच्या घराला फक्त प्रात्यक्षिक हवं होतं.

इथे उत्साही मंडळींना थोडं थांबवायला हवं, कारण डोळ्यांवर विसंबणं ही काही देणगी नाही. एकाच खबरीवर राज्य चालवलं की तो खबरी चुकला तरी राजा त्याचंच ऐकतो. लंडनमधल्या ब्रॉन्स्टीन आणि सहकाऱ्यांनी १९९० साली हेच दाखवलं. पेशंटला अशा खोलीत उभं केलं जिची जमीन स्थिर आहे पण भिंती हलतात. भिंत हलली की निरोगी माणूसही पहिल्यांदा डोलतो, पण पुढच्या वेळी त्याचा मेंदू ‘डोळे फसवतायत’ हे ओळखतो आणि डोलणं आवरतो. पार्किन्सन्सचे पेशंट पुन्हा पुन्हा डोलत राहिले.

ही हलत्या भिंतीची खोली बघायला लंडनला जायची गरज नाही. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर फलाटाशी उभं राहावं. समोरची गाडी रिव्हर्स घ्यायला लागते, अख्खी लाल भिंत डोळ्यांसमोरून मागे सरकते, आणि आप्पा जागच्या जागी कलतात. गाडीचा धक्का लागलेला नसतो, वारासुद्धा लागलेला नसतो. शेजारचा माणूस म्हणतो, “आजोबा, चक्कर आली काय ओ?” चक्कर आलेली नसते. डोळ्यांनी सांगितलं आपण हलतोय, आणि ते खोडून काढणारा साक्षीदार आत कुणी उरलेला नाही. गर्दीच्या बाजारपेठेत हेच, आणि टीव्हीवर क्रिकेटचा कॅमेरा भर्रकन फिरतो तेव्हा टीव्हीसमोरून उठतानाही हेच. म्हणून नक्षीदार, बुद्धिबळाच्या पटासारख्या, डोळ्यांत भरणाऱ्या फरश्यांनीही भागत नाही. दारात वेगळ्या रंगाचा ग्रॅनाइटचा पट्टा बसवतात, तो काही पेशंटना खड्ड्यासारखा वाटतो. दारं तर त्यांची जुनी वैरी. दार जितकं अरुंद दिसतं, तितकं पाऊल आखडतं, प्रत्यक्षात अंग सहज जाईल एवढी जागा असली तरी. यावरही संशोधन आहे. आमच्या साताऱ्याच्या घरात दारं अरुंदच आहेत, पण उंबरठा ओलांडायचा असतो, त्यामुळे पायाला काम मिळतं. दुसऱ्या एखाद्या पेशंटला हाच उंबरठा तोंडावर पाडेल. प्रत्येक माणसाचं वेगळं बघावं लागतं, आणि ते घरात येऊनच बघावं लागतं.

आणि रात्र. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत झिरोचा बल्ब लावायची पद्धत आहे. झोप मोडू नये, वीज जळू नये. डोळ्यांवर चालणाऱ्या माणसाला झिरोचा बल्ब म्हणजे निम्मी आंधळी कोशिंबीर. त्यात या आजारात डोळ्यांच्या पडद्यातलं डोपामिनही कमी होतं, त्यामुळे करड्यावर करडं, पांढऱ्यावर पांढरं वेगळं ओळखायची ताकद आधीच घटलेली. पांढरी फरशी, पांढरं कमोड, पांढरी भिंत आणि पिवळट मंद उजेड. आप्पा पडले ते असेच, सांगलीत, पहाटे तीनच्या सुमारास, लाइट गेलेली असताना. मागच्या मागे. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. घरी सोडताना हातात आलेल्या कागदावर अकरा औषधं होती, पट्टी कधी बदलायची ते होतं, टाके कधी काढायचे ते होतं, काय खायचं तेही होतं. ‘तोल जातो, काळजी घ्यावी’ असं एक वाक्य होतं. फरशी, उजेड, चष्मा, दार यांपैकी एकही शब्द नव्हता. मी विचारलं तेव्हा, “त्याचा काय संबंध?” असं उत्तर मिळालं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की दोष त्या एका दवाखान्यात आहे. पार्किन्सन्सचा कुठलाही पेशंट आपली फाइल काढून बघू शकतो.

न्यूरॉलॉजिस्ट आपल्या भागात थोडे आणि त्यांच्या दारात गर्दी मोठी, हे मान्य. खेड्यातून दिवस मोडून आलेल्या माणसाला काही मिनिटं मिळतात, आणि त्यात गोळीचा डोस ठरवणं हेच महत्त्वाचं असतं, हेही मान्य. गोळ्या बिनमहत्त्वाच्या आहेत असं मी म्हणत नाही. लेव्होडोपा नसतं तर आप्पा आज टेपवरूनही चालले नसते. पण ‘घरातली फरशी कशी आहे?’ हा प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? आणि डॉक्टरांना वेळ नसेल तर एक छापील पान द्यायला कुणी अडवलंय? मराठीत, मोठ्या अक्षरांत.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दुसरीच तऱ्हा. मोतीबिंदू ‘पिकला’ की काढू, असं अजूनही घराघरांत बोललं जातं, आणि पंचाहत्तरीच्या माणसाला आता कशाला ऑपरेशन, वाचायचंय काय त्यांना, असंही. ज्याचे पाय डोळ्यांवर चालतात त्याचा मोतीबिंदू हा चालण्याचा आजार आहे. तो वाचतो की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. तसंच बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचं. खालच्या भागात जवळचा नंबर असतो, आणि खाली पायरीकडे बघावं तर पायरीच धूसर. चालण्यासाठी लांबचा नंबर असलेला साधा चष्मा वेगळा करून घ्यावा, हे सांगायला किती खर्च येतो? पण मेंदूचा डॉक्टर डोळ्यांकडे बघत नाही, डोळ्यांचा डॉक्टर पायांकडे बघत नाही आणि हाडांचा डॉक्टर मोडलेल्या हाडाकडे बघतो. पेशंट मात्र अखंड असतो आणि अखंडच पडतो.

सरकारचंही तेच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं पार्किन्सन्सला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं, ही मोठी गोष्ट झाली. पण ‘सुगम्य इमारत’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: व्हीलचेअरचा रॅम्प. रॅम्प हवाच. पण आप्पांसारख्यांना रॅम्प हा पायऱ्यांपेक्षा अवघड, कारण तो सपाट आणि बिनरेघांचा. पायऱ्या आणि रॅम्प शेजारी-शेजारी असतील तर त्यांना पायऱ्यांकडे जाऊ द्यावं, हात देऊन ओढत रॅम्पवर नेऊ नये, हे गेटवरच्या सिक्युरिटीला कुणी शिकवलेलं नसतं. सरकारी असोत की खाजगी, नव्या दवाखान्यांच्या कॉरिडॉरना तर चकचकीत फरशीचा विशेष सोस. स्वच्छता दिसते म्हणे.

आता माझ्या जातभाईंकडे वळतो. इंजिनिअर लोकांकडे. आमच्या क्षेत्रात पार्किन्सन्स लोकप्रिय आहे. हॅकेथॉन असली की कुणीतरी हाताचा कंप मोजणारं अ‍ॅप आणतंच. मोबाइलमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर असतोच, कंपाचा आलेख सुंदर येतो, मशीन लर्निंग लावता येतं, बक्षीस मिळतं. मी अशा एका स्पर्धेत बसून पाहिलंय. आप्पांना आपला हात थरथरतो हे अ‍ॅपनं सांगायची गरज नाही, त्यांना ते भाजी ताटात पडेपर्यंत दिसतं. त्यांना बाथरूमपर्यंत पोचायचंय.

आणि गंमत अशी की फरशीवरच्या खुणांचं महत्त्व आमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मोठमोठ्या गोदामांत सामान वाहणारे रोबो फिरतात. त्यांतल्या अनेकांना रस्ता कळावा म्हणून आम्ही जमिनीवर ठरावीक अंतरावर कोड चिकटवतो. रोबो अडकला तर ‘नाटक करतोय’ असं कुणी म्हणत नाही, खूण पुसली गेली का ते बघतो. चाकांचा सेन्सर दगा देतो तेव्हा कॅमेऱ्यावर भार टाकतो, आणि कॅमेऱ्याला बघायला काहीतरी असलं पाहिजे याची तजवीज करतो. हे बी.ई.च्या तिसऱ्या वर्षातलं ज्ञान आहे. ते पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी वापरायचं आणि आजोबांसाठी वापरायचं नाही, कारण चिकटपट्टीचं स्टार्टअप होत नाही. नेदरलँड्समध्ये पायातल्या बुटातून समोर लेसरची आडवी रेघ पाडणारं उपकरण तपासलं गेलं; गोळीचा अंमल उतरलेल्या वेळी पाय अडकण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. चांगलं आहे, घराबाहेर जायला तेच लागेल. पण घरातल्या घरात तीच रेघ वीस-तीस रुपयांच्या टेपमध्ये मिळते, आणि ती चार्ज करावी लागत नाही.

आक्षेप येतात. ‘घराची शोभा जाते.’ जाते, खरंच जाते. काकूनं हौसेनं बसवलेल्या टाइल्सवर काळ्या पट्ट्या म्हणजे रेल्वेचे रूळ. पण सकाळपासून आप्पांना उठवणं, बसवणं, धुणं हे सगळं काकूच करते, आणि पट्ट्यांबद्दल सगळ्यात आधी ‘राहू देत’ म्हणाली तीही काकूच. शोभेची काळजी फक्त गणपतीत दर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांना असते, जे अर्धा तास बसतात आणि ‘आप्पांची तब्येत छान दिसतीय की’ म्हणून जातात.

‘मग पट्ट्यांची सवयच लागेल.’ हा आक्षेप शिकलेली माणसं घेतात. चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी चष्मा काढत नाही. आप्पांची आतली मोजपट्टी सवयीनं परत येणार नाहीये, त्या पेशी गेल्या.

‘सगळ्यांना उपयोग होत नाही.’ हे मात्र खरं आहे. काहींना पट्ट्यांपेक्षा ताल उपयोगी पडतो. पुण्यात ऋषिकेश पवार पार्किन्सन्सच्या पेशंटांना नाच शिकवतात, त्यात ताल आणि नजर दोन्ही आहे. काही जण पट्टीकडे बघत इतके वाकतात की पुढेच कोलमडतात. म्हणून चांगल्या फिजिओथेरपिस्टला घरी बोलवावं, अंतर त्याच्याकडून ठरवून घ्यावं, गोळी चढलेली असताना आणि उतरलेली असताना असं दोन्ही वेळा बघावं. आणि हो, कुणाला उपयोग झाला नाही, तर त्यावरूनही तो नाटक करतो असं सिद्ध होत नाही.

उजेडाचं सोपं आहे. पलंगापासून संडासापर्यंत पायांच्या पातळीवर लागणारे, माणूस हलला की आपोआप पेटणारे छोटे दिवे मिळतात. बॅटरीवर चालणारे घ्यावेत, कारण लाइट आपल्याकडे जायची तेव्हा जातेच. झिरोचा बल्ब काढून टाकावा. बाथरूमच्या पांढऱ्या भिंतीवरचं धरायचं हँडल गडद रंगाचं घ्यावं. चालताना माणसाशी बोलू नये, ‘चला चला’ तर अजिबात म्हणू नये. पाय अडकले की ओढू नये, आपलं पाऊल त्याच्या पावलासमोर आडवं ठेवावं आणि ‘हे ओलांडा’ म्हणावं. काठी आडवी धरली तरी चालतं.

टेप निवडताना फरशीच्या अगदी उलट रंगाची घ्यावी, चकाकणारी नको. इन्सुलेशन टेप स्वस्त पण पातळ, ओल्या फडक्यानं पुसलं की कडा सुटतात, आणि सुटलेल्या कडेत पाय अडकू शकतो. सांगलीत आम्ही आता जिन्याच्या पायऱ्यांना लावतात ती खरखरीत टेप लावलीय. ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि जास्त टिकते, तरी बाथरूमच्या दारापाशी दर दोन-तीन महिन्यांनी नवी लावावीच लागते. साताऱ्याच्या शहाबादीचे सांधे बाबांनी या वर्षी घासून साफ करायला काढले होते. ते अर्ध्यावर थांबवले.